एक्केचाळीस सेकंद

दहावीच्या पुस्तकात एक दीपस्तंभ होता.
त्याच्या टोकावरून कुणीतरी कायम
एका जहाजाकडे बघत असायचं.
अवनत कोन तीस अंश.
आम्ही उमरेडच्या पोरी, समुद्र पाहिलेला कुणी?
डोंगरवार बाई म्हणायच्या, जहाज सोडा, कोन धरा.
मी दोन्ही सोडले,
आणि पुरवणी परीक्षेत कशीबशी सुटले.

आता मे महिना, अजनीच्या रुळांशेजारी,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
पारा सेहेचाळीस अंश.
हेही अंशच म्हणायचे.

अलीकडे अ आणि ब. पलीकडे क,
पुलाचा पुढचा खांब.
मध्ये सात मार्ग आणि रेल्वेचं पत्र:
रुळांवर टेप टाकता येणार नाही.
नाही तर नाही.
अ ते ब अंतर पोलादी टेपनं तीनदा मोजलं,
दोन्ही टोकांवरून क कडे पाहिलं,
मग साडेतीन किलोमीटरचा वळसा घालून
क वरून या दोघांकडे.
मधून कोळशाची मालगाडी गेली
तेवढा वेळ त्रिकोण थांबला,
डबे मोजत.

टोटल स्टेशन दुरुस्तीला पुण्याला गेलेलं,
म्हणून कोठारातला जुना थिओडोलाइट.
त्याच्या दुर्बिणीत जग उलटं दिसतं:
खाली आभाळ, आणि आभाळाला लोंबकळत
लाल-पांढरी काठी धरलेला लीलाधर हेडाऊ.
त्याच्या घरी गोळीबार चौकात हातमाग होता.
माग कधीच विकला,
पण धागा कुठे तिरपा गेला
हे त्याला अजून न बघता कळतं.

तीन कोनांची बेरीज केली.
एकशे ऐंशी अंश, शून्य मिनिटं,
एक्केचाळीस सेकंद.

भोयर सुपरवायझर म्हणाले,
चालते ना मॅडम, सेकंदच तं हाय.
मी त्यांना गुणाकार करून दाखवला:
पन्नास मीटरवर एक सेंटीमीटर,
करंगळीच्या नखाएवढा.
गर्डर तिकडे बुटीबोरीच्या यार्डात ओतून झालाय,
आणि त्याच्या बोल्टांना नखाएवढी जागा नाही.
भोयर नखाकडे बघत राहिले. माझ्या नाही, स्वतःच्या.

रात्री कूलरसमोर वही उघडली.
बाजू आणि तिच्या समोरचा कोन,
एक वाढलं की दुसऱ्याला वाढावंच लागतं;
पाच वर्षांपूर्वी पाठ केलं होतं, आज पहिल्यांदा पटलं.
सगळ्यांवर संशय घेऊन झाला. खिळ्यावर,
टेपवर, स्वतःच्या डाव्या डोळ्यावर.
लीलाधरला फोन केला.
मी नाही हाललो जी, तो म्हणाला,
जेवता जेवता.

खरंच नव्हता हलला.
दुपारी दुर्बिणीत काठी उकळत्या पाण्यात असल्यासारखी
लवत होती, ती हवा होती.
आणि तिवईचा एक पाय डांबरात
अर्धं बोट रुतलेला, तो मला
संध्याकाळी उचलताना दिसला होता.
दिसला होता, लिहिला नव्हता.

पहाटे पाचला पुन्हा गेलो.
पायांखाली फरशीचे तीन तुकडे,
गार हवा, काठी सुईसारखी.
चहावाल्यानं शेगडी पेटवली तर त्याला म्हटलं,
दादा, जरा तिकडे, वाफ मध्ये येते.
तो शिव्या देत सरकला.
सात वाजेपर्यंत तिन्ही कोन हातात:
एकशे एकोणऐंशी, एकोणसाठ, अठ्ठावन्न.
दोन सेकंद कमी.

काल कुठं गेलते जी बाकीचे? लीलाधरनं विचारलं.
उन्हात, मी म्हटलं.

उरलेली चूक तिन्ही कोनांत सारखी वाटायची,
असा नियम आहे.
दोनाला तिनानं भाग जात नाही.
अ ला एक दिला, ब ला एक.
क ला काही दिलं नाही.
तिथे लीलाधर उभा होता.
वहीत कारणाचा रकाना नव्हता,
म्हणून बरं झालं.