दुसऱ्या उकाळ्याचा पिवळा

तेमुकोच्या इस्पितळात सकाळी सातला रात्रच असते.
जुलै. लाकडी चुलींचा धूर रस्त्यावरच बसून राहिलेला,
आत ट्यूबलाइटी. आम्ही सहा जण, सहा वह्या,
आणि अकरा नंबरच्या खाटेवर
एर्मेलिंदा वेनुमान, वय एकसष्ट, धंदा : विणकाम.

मी हकिगत वाचून दाखवली.
उजव्या बरगडीखाली कळ, पाठीत पात्यापर्यंत जाणारी,
जेवणानंतर, बहुतेक तळणानंतर.
दोन दिवस ताप, हुडहुडी.
डोळे : पांढरे.

डॉक्टर ओयार्सून काही बोलले नाहीत.
त्यांचं पित्त खवळलं की ते चष्म्याची दांडी चावतात.
खाटेचा ब्रेक काढला, बाईसकट खाट खिडकीपाशी नेली,
आणि आम्ही थांबलो.
आठनंतर उजाडलं, तेही उपकार केल्यासारखं.

"आता बघा."
त्यांनी पापणी खाली ओढली.
माझ्या वहीतला तो एक शब्द
माझ्याकडेच बघत राहिला.

"मिचायचा आहे हा," बाईच म्हणाली, "दुसऱ्या उकाळ्याचा.
पहिल्या उकाळ्यात मुळी सगळा राग काढते,
तिसऱ्यात नुसती सांगोवांगी.
सोमवारी तिसरा होता. आरशापाशी लोकर धरून पाहिली मी.
तुम्ही विचारलं नाही."

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात.
तिला सोमवारपासूनचे पिवळे
एकेक करून वेगळे दिसत होते.
आम्हाला एकही नाही.

मग डॉक्टरांनी काचेवरच्या वाफेत बोटानं काढलं :
यकृतातून दोन ओहोळ, त्यांचा एक,
त्याला पिशवीचा फाटा,
मग खाली, स्वादुपिंडाच्या डोक्यामागून,
आतड्याच्या दारापर्यंत.
"पेन्सिलीहून बारीक नळी. दगड पिशवीत निजलेला असेल
तर दुसरीकडे निजू देतात. इथे आपण त्यालाही उठवून विचारतो,
कारण इथे दगडाशेजारी कधी कधी खेकडा असतो.
दगड नळीत उतरला की तुमचा हात दगडाखाली.
कळ, ताप, कावीळ : तिघी एकत्र आल्या
तर पुस्तक नको, घड्याळ बघा.
बोलणं भरकटलं, रक्तदाब पडला, तर घड्याळही नको. पळा.
आणि दुखत नसेल, पण पिवळं असेल,
आणि पिशवी हाताला लागत असेल,
तर दगडावर आळ घेऊ नका."

"माझ्या बहिणीला दुखलं नव्हतं," बाई म्हणाली.

बोट काचेवर थांबलं.
नळीच्या टोकाशी वाफेचा एक थेंब जमला
आणि चित्र खालून पुसत गेला.

दुपारी तोंडातून दुर्बीण उतरवली.
पडद्यावर आतड्याच्या भिंतीतलं ते इवलं बोंड,
त्याला एक चीर, आत एक तारेची टोपली.
दगड आला. तपकिरी, भुईमुगाच्या दाण्याएवढा.
त्यामागून आधी पू,
मग हिरवट सोनं, धावत,
तळघराची कडी कुणी बाहेरून काढावी तसं.
कुणी टाळी वाजवली नाही.
नर्स फाबिओलानं वेळ लिहून घेतली.

संध्याकाळी बाईनं दगड मागितला.
"आतड्यात सोडून दिला," मी म्हणाले, "जाईल आपल्या वाटेनं."
"एवढी वर्षं सांभाळला, आणि तुम्ही एका दुपारी हरवलात?"
ती हसली. हसताना सवयीनं बरगडी धरली,
मग हात तिथे कशाला गेला म्हणून हाताकडे पाहिलं.

पिशवी अजून काढायची आहे.
ती मेणात बसेल, पातळ चिरली जाईल, सूक्ष्मदर्शकाखाली जाईल.
उत्तराला तीन आठवडे.
बहिणीचं नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
हे दुसऱ्यांदा.

आता रोज उजाडलं की मी खाट खिडकीपाशी नेते.
आज तिनंच पापणी खाली ओढली.
"सांग."
"तिसरा उकाळा," मी म्हणाले.
"चौथा," ती म्हणाली. "नीट बघ."