दहा-अकराचा पाना

गेल्या भाऊबीजेचा शर्ट मला सापडला
शिवडीला, हऱ्याच्या गॅरेजात,
एका टॅक्सीच्या बॉनेटवर.
कॉलरवरून ओळखला. बाकी सगळा काळा.
तौफिक त्यानं डिपस्टिक पुसत होता,
म्हणाला, ताई, कापड एक नंबर, तेल लगेच पितं.

दीड हजाराचा होता. दादरची तीन दुकानं फिरून,
चौकडा नको म्हणून बारीक रेघांचा घेतलेला.
त्याआधीचं घड्याळ कपाटात आहे, डबीसकट.
इंजिनात हात घालणारा मनगटावर काही बांधत नाही,
हे मला कोण सांगणार होतं?
त्याआधीचं अत्तर वहिनीच्या भावानं नेलं.
त्याच्याही आधी चपला. त्या चालल्या.

यंदा ठरवलं, त्याच्या कामाचंच घ्यायचं.
इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीतून अर्धा दिवस रजा टाकली
आणि क्रॉफर्ड मार्केटवरून चालत नागदेवीत शिरले.
गल्लीभर लोखंड.
दुकानांच्या दारांत पाने टांगलेले, सुकत घातलेल्या बोंबलांसारखे,
हातगाडीवाला मागून ओरडतोय, बाजू, बाजू,
आणि त्या सगळ्यात काठपदराची साडी नेसलेली मी.

मुफद्दलभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
कोणती गाडी?
सगळ्या.
साइज कोणता?
मला त्याच्या बुटाचा साइज माहीत आहे,
सातवीतले गणिताचे मार्क माहीत आहेत,
सायलेन्सरनं भाजलेला डाग केवढा
ते माझ्या हातावर बोटानं दाखवता येईल.
पान्याचा साइज कधी विचारलाच नव्हता.

त्यांनी लाल पेटी उघडली. सेहेचाळीस गोट्या,
मखमलीत बसवलेल्या, लग्नाच्या दागिन्यांसारख्या.
मी पर्सची चेन ओढली
तर त्यांनीच झाकण लावलं.
बेन, ही पेटी जावयाला द्या. मिस्त्रीला नको.
मिस्त्रीचा हात जुन्या पान्यावर बसलेला असतो.
ही तो घरी नेईल, पलंगाखाली ठेवील.
त्याचं हरवतं काय, ते विचारा.

पायरीवर उभी राहून तौफिकला फोन लावला.
त्याला विचार करावा लागला नाही.
दहा-अकरा, ताई. रोज दहा-अकरा.
गटारात पडतो, गिऱ्हाइकाच्या बॉनेटमधून नाशिकला जातो,
शेजारचा वेल्डर मागून नेतो तो नेतोच,
आणि उस्ताद दिवसातून चार वेळा माझ्या आईची आठवण काढतो.

किती देऊ? मुफद्दलभाई.
बारा.
बारा दहा-अकरा?
बारा.
हसले नाहीत. आत गेले, मोजून आणले,
वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी मारली,
पुठ्ठ्यावर हिशेब केला आणि वरचे पंचवीस सोडले.
घरी पोचेपर्यंत पिशवीनं बोटं कापली.

भाऊबीजेला त्यानं हात आधी डिझेलनं,
मग साबणानं, मग लिंबानं धुतले होते.
नखांच्या कडा तरी काळ्याच.
ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट टाकलं,
कोपऱ्यावर अंगठ्याचा तेलकट ठसा.
दरवर्षी असतो. पैसे खर्च होतात,
पाकिटं मी टाकत नाही.

मग सुतळी सोडली. एक पाना. दुसरा. तिसरा.
पाचव्याला थांबला.
सगळे सारखेच?
हरवायला आणलेत, म्हटलं.
वहिनी हसली. तो नाही.
एक उचलून तळहातावर ठेवला, मूठ मिटली,
आणि चकली खायची विसरून
बराच वेळ तसाच बसला.

नाताळात फोन आला, नऊ राहिले.
संक्रांतीला आठ. एक टेम्पोबरोबर विरारला गेला म्हणे.
मागच्या रविवारी येऊन माझ्या खिडकीच्या जाळीचे
बोल्ट आवळून गेला, चहासुद्धा उभ्यानंच प्यायला.
रात्री म्हणाला, सात. तौफिकला बोललो बघ, उगाच.

काल तांदळाच्या डब्यामागे झाडू अडला.
पुसून मिठाच्या बरणीशेजारी ठेवलाय.
अजून सांगितलेलं नाही.