कच्चा माल

धंतोलीतल्या क्लासनं फी सांगितली पस्तीस हजार,
वर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट.
मी जिना उतरले.

मग रात्री कूलरच्या घरघरीत फुकटचे धडे :
कोणी दिल्लीचा, कोणी ब्राझीलचा पोरगा,
नमस्कार म्हणायलाच तीन मिनिटं घेणारा.
त्याच्या पडद्यावरचं बटण
माझ्या व्हर्जनमध्ये नाहीच.
सातशे पानांचं मॅन्युअलही उतरवलं.
बाराव्या पानापर्यंत ओळख,
पुढं नुसता घाम.

गोळीबार चौकात हेडाऊंचं दुकान,
लग्नाच्या शूटिंगचं. शटर अर्धं खाली.
"शिकून राहिली का? बरं.
पुस्तकं नको विचारू मले."
खणातून काढली हार्ड डिस्क,
रबरबँड लावलेली.
"पारडीच्या एका लग्नाचे अकरा तास.
पार्टीनं पैसे बुडवले, मीही हात लावला नाही.
तू काप. वीस मिनिटं उरली पाहिजे."

अकरा तास.
पंगत, पंगत, आहेराची पाकिटं, पुन्हा पंगत,
कॅमेरामनचा स्वतःचाच बूट, सहा मिनिटं.
मग जनरेटर बंद पडतो.
चित्र काळं, आवाज चालू.
त्या अंधारात कोणीतरी नवरीला विचारतं,
"जेवली का वं?"
ती म्हणते, "नाही."

रंग कसे जुळवायचे ते अजून येत नाही मला.
तो अंधार मात्र ठेवला,
पूर्ण चाळीस सेकंद.

हेडाऊंनी पाहिलं. चष्मा पुसला.
"तेवीस मिनिटं झाली वं.
तीन अजून काढ."
आणि बोट ठेवलं
दुसऱ्या पंगतीवर.