झाकणावरचे नमुने

महाबळेश्वरचा दुकानदार फोनवर एवढंच म्हणाला:
नमुने सपाट हवेत, बाई. वळकट्या पाठवू नका.

बावीस टाके, तीस ओळी. एक ओळ सुलट, एक उलट.
सुईवरून उतरला की चौकोन चौकोन राहतच नाही:
बाजूच्या कडा पाठीमागे वळतात,
वरची-खालची पुढे येते,
वाळत पडलेल्या मांदेलीसारखं होतं सगळं.

शमीमचा सैल, मऊ. ताराचा मात्र बोटभर लहान.
तिचे हात जाळ्याचे.
टाका दिसला की ती गाठ समजून ओढते.

खरी लोकर भिजवून ताणली की ऐकते म्हणे.
हे अ‍ॅक्रिलिक, दापोलीच्या बाजारातलं.
रात्रभर भिजवलं, ताणलं, टाचलं.
सकाळी टाचण्या काढल्या
आणि ते परत आपल्या मूळ विचारावर.

मग वाफ.
सुरमईच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण,
तीनदा धुऊनही वास न गेलेलं,
त्यावर चारी बाजूंनी टाचण्या,
आणि शमीमच्या नवऱ्याने मस्कतहून आणलेली इस्त्री
वर, अधांतरी.
टेकवू नको गं, शमीम सांगत होती,
नुसता श्वास लागू दे.

माझा बसला. शमीमचा बसला.
थंड होईस्तोवर आम्ही हात लावला नाही.
ताराच्या पाळीला खिडकीखालून कुणी ओरडलं,
तारे, होडी लागली!
ती वळली. इस्त्री टेकली.
चर्र नाही, धूर नाही.
टाके फक्त गप्प झाले.
खाली थर्माकोलला खड्डा.

उचलला तर हातावरून ओघळला.
ताणला, ताणलेलाच राहिला.
ताज्या पापलेटाची चमक त्याला,
आणि कडा अशा सरळ की फूटपट्टी लाजावी.
मेला, तारा म्हणाली. टाक त्याला.

तरी पाकिटात गेला. तीन सांगितले होते.
माझ्या पांढऱ्याच्या कोपऱ्यांत चार तांबूस ठिपके,
खाऱ्या हवेत टाचण्या एका रात्रीत गंजतात
हे मला, हर्णैत जन्मून, आठवू नये?

आठव्या दिवशी फोन.
तो तिसरा, झुळझुळीत. तसलेच मफलर, चाळीस.

ताराने बोटांवर हिशेब केला, दोनदा.
माझं विणलेलं नाय आवडलं त्याला, म्हणाली,
माझी चूक आवडली.
आणि बावीस टाके घालायला घेतले,
नेहमीसारखेच, ओढून.