सहावा शनिवार

पाचाचं पोट कुठे, सहाची शेपटी कुठे,
हे आधी पाटीवर गिरवलं.
बसच्या कपाळावर आकडे मराठीत
आणि याची शाळा इंग्रजी.

मग हात कसा करायचा ते.
मागितल्यासारखा नाही, विभास.
हजेरी दिल्यासारखा.

चार शनिवार शेजारी बसले.
पाचव्याला दोन सीट मागे, तोंडाला रुमाल लावून.

सहाव्याला चेंबूर नाक्यावर
तो चढला, मी नाही.

रिक्षावाल्याला म्हटलं, ती लाल सोडू नका.
त्याने सोडली. पहिल्याच सिग्नलला.

देवनारला पोचले तर हा
थांब्यावर पाय हलवत बसलेला.

"मावशी, एकटीच आलीस?
रिक्षाला किती झाले?
उगाच.
परत जाताना माझ्याबरोबर चल.
सुट्टे आहेत माझ्याकडे."