झाकणावरचा हात

वडगावात वीज गेली
की शांतता लगेच येत नाही.
माग थांबतात, पण त्यांचा आवाज
कानात थोडा वेळ चालतच राहतो,
रिकामा धोटा, नुसताच इकडून तिकडे.
मग तोही दमतो.
मग कुठेतरी कुकरची शिट्टी, निंगव्वाची हाक,
आणि आमच्या गॅसवर
जाड बुडाच्या पातेल्यात तीन दाणे.

आधी तीनच.
घाण्यावरच्या शेंगतेलाचा एक चमचा,
तोही काठोकाठ नाही.
तीन फुटले की बाकीचा मका ओतायचा,
रविवार पेठेतनं आणलेला,
तळ झाकेल एवढाच.

"फुटले काय गे?" बाबा विचारतात.
त्यांना ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं चार-चार माग सांभाळले.
कानाच्या डॉक्टरनं आलेख दाखवला तेव्हा
रेघ डावीकडून निघाली होती
आणि उजवीकडे विहिरीत उतरली होती.
गेल्या महिन्यात दुसरे दोन कागद आले,
साखर वर, बीपी वर.
"एक उतरतंय, दोन चढालेत," बाबा हसले,
"विणकर हाय म्हटल्यावर चालायचंच."

त्यांचं संध्याकाळचं खाणं मला पाठ आहे.
कुंद्याचा घास, त्यावर चिवडा,
चिवडा तिखट लागला म्हणून परत कुंदा,
जिभेचा धोटा डबा संपेपर्यंत थांबायचा नाही.
डबा लपवून बघितला.
तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत,
चौथ्या दिवशी खिशात फरसाणाचा चुरा सापडला.

तेव्हा म्हटलं, दोन्ही एकाच वाटीत देऊ.
महालिंगपूरचा गूळ, सगळ्या पातेल्याला मिळून एक चमचा,
चमचाभर पाण्यात विरघळवून.
मीठ चिमूटभर, पण खलबत्त्यात पिठासारखं कुटलेलं,
नाहीतर ते तळाला जाऊन बसतं.
वरून भाजलेले तीळ.
"गूळ म्हणजे औषध नव्हे हं," डॉक्टरबाईंनी बजावलंय,
"ती पण साखरच."
म्हणून बाबांना एकच वाटी, आणि तीही लहान.

पहिल्यांदा केलं ते करपलं.
दोन फुटण्यांच्या मधे दोन अंक मोजता आले
की उतरवायचं, एवढं मला माहीत होतं.
पण त्या दिवशी वीज होती,
सगळी गल्ली खडखडत होती,
मला कुठला दाणा ऐकू येणार?
मी मोजत होते कुणाचे अंक कुणास ठाऊक.
काळा धूर, काळा गूळ,
पातेलं दोन दिवस भिजत.

दुसऱ्या खेपेला बाबा उठले.
फडक्याची चौपदरी घडी केली,
झाकणावर ठेवली, त्यावर तळहात.
असाच हात ते मागाच्या चौकटीवर ठेवायचे
आणि सांगायचे, तिकडं धागा तुटलाय बघ.
"थांब," ते म्हणाले.
मी बटणाकडे हात नेला.
"थांब की."
घडीखाली त्यांची बोटं हलकेच उडत होती,
मग कमी, मग कधीतरीच.
"एक राहिलाय कोपऱ्यात. हट्टी हाय."
आम्ही दोघं त्या एकासाठी थांबलो.
"हं. काढ आता."

पांढरंशुभ्र. एक दाणा डागला नव्हता.

आज वीज नाही, मला मोजता आलं असतं.
तरी मी फडकं त्यांच्याकडेच दिलं.

वासाबरोबर निंगव्वा दारात.
"अळ्ळु माडीदेन? पंचमी तर अजून लांब हाय!"
ज्वारीच्या लाह्या नव्हेत, मक्याच्या, म्हटलं.
तिनं एक तोंडात टाकली, डोळे बारीक केले,
गोड म्हणावं तर मीठ लागतंय,
मीठ म्हणावं तर...
तिचं वाक्य राहिलं तिथेच,
साकु, साकु म्हणत पदर मात्र पुढेच धरलेला.

मग वीज आली.
एकेक करत सगळे माग लागले,
भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं.
बाबांनी वाटी संपवली,
तळाचे न फुटलेले गणंग
पेपरावर काढले, ओळीत मांडले, बोटानं मोजले.
"अकरा," मोठ्यानं म्हणाले,
ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तसं.
"उद्या नऊ करतो बघ."