बादली

खरेदीखत १९११ चं. तिरक्या शाईत लिहिलंय:
रस्त्यापासून ओहोटीच्या रेषेपर्यंत, दहा फूट रुंद,
पायी किंवा हातगाडीने,
समुद्री शेवाळ आणण्यासाठी.

आणण्यासाठी. म्हणजे नुसतं जायला नाही.
हे मर्ल थिबोडोच्या वकिलाने शोधून काढलं,
आणि न्यायाधीशबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
वाट तुमची, पण कामापुरती.

तेव्हापासून मी बादली घेऊन जाते.

मेनच्या या कोपऱ्यात ओहोटीला
समुद्र इतका मागे सरतो की वाटतं
त्यालाही कुणीतरी नोटीस धाडली असावी.
चिखल चकाकतो. मी वाकून दोन झुबके उचलते,
तपकिरी, फुगीर, ओल्या चामड्याच्या वासाचे,
आणि मग अर्धा तास उभी राहते.
उभं राहण्याबद्दल खतात काही नाही.

मर्ल खिडकीत. वही उघडी.
७.१०, बादली आहे. ७.५२, परत.
एकदा येताना बादली रिकामी होती
तर चौथ्या दिवशी पत्र आलं.

मीही काही कमी नाही.
त्याच्या कुंपणाच्या झाडांना बारा फुटांची मर्यादा,
आमच्या माडीवरून पाणी दिसावं म्हणून;
ही अट नंतरची, टाइप केलेली.
दर एप्रिलला मी बांबूची काठी घेऊन हजर.
बारा फूट, पण कुठून? मुळापासून?
की दोन ट्रक माती टाकून
त्याने मूळच वर उचललं, तिथून?
तो कात्री लावतो. सहा इंच, मोजून सहा,
आणि छाटलेले शेंडे माझ्या हद्दीला टेकवून ठेवतो.

अच्युत म्हणतो, पाणी दिसतंय ना, मग सोड की.
त्याला पाणी दिसतं.
मला पाण्याआधी ते सहा इंच दिसतात.

माझ्या वकीलबाईंनी विचारलं होतं,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
वहिवाट, मी म्हटलं.
म्हणजे?
म्हणजे, पुष्कळ दिवस चालत राहिलं
की जमीन जे कबूल करते ते.
त्यांनी ते लिहून घेतलं
आणि पाऊण तासाचं बिल लावलं.

अकरा वर्षं. एवढ्या शेवाळाचं करायचं काय,
म्हणून वाफे केले.
मेथीला मानवलं. मुळ्याने तर हद्दच केली,
मनगटाएवढा. एक मर्लच्या पायरीवर ठेवावा
असं मनात आलं होतं, एकदा, सप्टेंबरात.
ठेवला नाही. उद्या म्हणेल, अतिक्रमण.

या मार्चमध्ये खिडकीत वही नव्हती.
मग दिवाही नव्हता.
मग बँगोरहून त्याची पुतणी आली, कोलेट,
विक्रीची पाटी रोवायला. जमीन अजून गोठलेली,
पाटी आत जाईना, मी घरातून पहार आणून दिली.
म्हणाली, काका आता माणसं विसरतात.
मलाही. पण सकाळी उठले की
बादली गेली का, हे विचारतात.
आम्हाला कळेना, कसली बादली.

मग तिने कागद काढला.
घेणारे चाळीस हजार डॉलर द्यायला तयार आहेत,
वाट सोडलीत तर.
अच्युतने कागद फ्रिजला लावून ठेवलाय,
लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली.

एप्रिलात काठी घेऊन गेले. पावणेतेरा फूट.
पावणेतेरा, मी पुन्हा मोजलं,
आणि सांगायला कुणी नाही म्हणून
काठी तशीच झाडाला टेकवून आले.

आज मुद्दाम हात हलवत निघाले.
कोण बघतंय.
पण निम्म्या वाटेवर ते बोटांना कळलं,
चोरी करून आल्यासारखी ती आपोआप मिटली.
मागे फिरले. नळाखालची बादली घेतली,
पुन्हा त्या काळ्या खिडकीखालून गेले,
जरा थांबले.

८.२५, मी मोठ्याने म्हटलं.
बादली आहे.